आधी फाईट किती टर्नची, ते ठरव

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाच बघता येईल. तुम्ही तिघा मित्रांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात फोनवरचा मॉन्स्टर गोळा करायचा गेम बनवलाय. मॉन्स्टर सगळे सह्याद्रीतले: दाजीपूरच्या गव्यावरून गव्या, घोणशीवरून घोणशा, शेकरूवरून शेकऱ्या. आठ टाइप (वीज, माती, वनस्पती असे मॉन्स्टरचे आणि मूव्हचे प्रकार), १३२ मूव्ह म्हणजे डाव, तिघांची टीम, प्रत्येकाला चार मूव्ह. होस्टेलवर पोरांना खेळायला दिला, तर सगळे फिरून फिरून त्याच सहा मूव्ह दाबतात. म्हणून तुम्ही उरलेल्या सगळ्या हल्ल्याच्या मूव्हची पॉवर वीसनं वाढवली. आता फाईट दोन टर्नमध्ये आटपते आणि पोरं सहाच्या ऐवजी आठ मूव्ह वापरतात. वर विचारतोयस, "सर, अजून वाढवू का?"

नको. दिलेले वीस आजच काढून घे, मग पुढचं वाच.

मी बारा वर्षं गेमच्या फाईटचे आकडे जुळवत बसतोय. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्यांची जागा आहे आणि पहिली चार वर्षं मी अगदी तुझ्यासारखंच करायचो: जी मूव्ह कुणी दाबत नाही तिची पॉवर वाढवायची. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं काम. ते एकदा शेजारी बसून माझी मूव्हच्या आकड्यांची शीट बघत होते. म्हणाले, "मापच ठरलेलं नाही आणि तू घासत बसलायस." त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण चूक नेमकी तीच होती. माझं माप ठरलेलं नव्हतं आणि तुझंही नाही.

हे माप म्हणजे फाईटची लांबी. सारख्या ताकदीचे दोन मॉन्स्टर समोरासमोर आले, टाइपचा फायदा कुणालाच नाही, तर किती टर्नमध्ये निकाल लागायला हवा? आधी हे लिहून भिंतीवर चिकटव. कारण खेळणारा पॉवर खर्च करत नाही, टर्न खर्च करतो. स्क्रीनवर पॉवरचा आकडा दिसतो म्हणून आपण तोच मोजत बसतो.

पोकेमॉनमधल्या टॉक्सिक या विषाच्या मूव्हचा हिशेब बघ. पहिल्या टर्नला समोरच्याच्या एकूण एचपीचा, म्हणजे जीवाचा, सोळावा भाग जातो, दुसऱ्या टर्नला दोन सोळांश, तिसऱ्याला तीन, असं वाढत जातं. पाच टर्न तग धरलीस तर एक, दोन, तीन, चार, पाच मिळून सोळापैकी पंधरा भाग गेले. जहरी मूव्ह. आता हीच मूव्ह तुझ्या दोन टर्नच्या फाईटमध्ये आण. सोळापैकी तीन भाग मिळाले आणि त्यासाठी अख्खी एक टर्न घालवली. कोण दाबेल? तुझ्या शीटमध्ये विष, झोप, ढाल, बळ वाढवणं, शत्रूला भेदरवणं असल्या हल्ला नसलेल्या मूव्ह चाळीसच्या वर आहेत. हल्ल्यांना वीस-वीस वाटलेस तेव्हा त्या सगळ्या एका झटक्यात मारल्यास, आणि शीटवर त्यांच्या ओळीला तू हातही लावला नव्हतास.

तुझ्या गेमसाठी माझं मत विचारशील तर साधी फाईट तीन-चार टर्नची, टाइपचा फायदा असेल तर दोनची. फोनवर बसमध्ये खेळणाऱ्याला याहून लांब झेपत नाही आणि याहून आखूड केलीस तर विचार करायला जागाच उरत नाही. हे वरच्या सहा मूव्ह खाली आणून कर किंवा सगळ्यांचे एचपी वाढवून कर. मी एचपीपासून सुरुवात करतो. एक आकडा बदलतो आणि कुणाची आवडती मूव्ह हिरावल्यासारखं होत नाही.

आता बळ वाढवणाऱ्या मूव्ह. तुझ्याकडं 'शिंग परजणं' आहे, हल्ला दुप्पट करणारी. पोकेमॉनमधल्या स्वोर्ड्स डान्ससारखी. शंभर नुकसान करणारा फटका धर. तीन टर्न नुसतं मारलंस तर तीनशे. पहिली टर्न शिंगं परजण्यात घालवलीस तर शून्य, दोनशे, दोनशे, म्हणजे चारशे. दोन टर्नमध्ये मात्र दोन्हीकडं दोनशेच. म्हणजे समोरचा दोन फटक्यांत पडणार असेल तर ती टर्न फुकट, तीन फटके लागणार असतील तर फायदा. शिवाय वाढलेलं बळ पुढच्या मॉन्स्टरवरही चालतं. एकदा नीट परजलेला गव्या समोरची अख्खी टीम झोपवू शकतो. त्यामुळं ही मूव्ह आखूड फाईटमध्ये निरुपयोगी आणि लांब फाईटमध्ये राक्षसी होते. तिच्या वर्णनातला एक शब्द न बदलता.

तिच्या शेजारी 'डरकाळी' ठेव, शत्रूचा हल्ला एका पायरीनं कमी करणारी. कागदावर दोन्ही बहिणी वाटतात. पण माझं वाढलेलं बळ माझ्याजवळ राहतं आणि मी शत्रूचं कमी केलेलं बळ त्यानं मॉन्स्टर बदलला की गेलं. मी टर्न खर्च केली, त्यानं एक बदल केला, हिशेब फिटला. म्हणून टीमच्या गेममध्ये नुसतं भेदरवणाऱ्या मूव्ह कायम मेलेल्या असतात, आणि तू डरकाळी एकाऐवजी दोन पायऱ्यांची केलीस तरी ती उठून बसणार नाही. तिला थोडं नुकसान जोड, पॉवर पन्नास-पंचावन्न. नाहीतर असं कर, की डरकाळी खाल्लेला मॉन्स्टर पुढच्या टर्नला बदलता येणार नाही. मला दुसरं जास्त आवडतं. गव्यासमोर पाय खिळतातच की.

पॉवरचे आकडे मग कधी बदलायचे? तर फटक्यांची संख्या बदलत असेल तेव्हाच. तू नुकसानाचा फॉर्म्युला पोकेमॉनचाच उचलला आहेस (अपूर्णांक दर वेळी सोडून द्यायचा): लेव्हलची दुप्पट भागिले पाच अधिक दोन, गुणिले पॉवर, गुणिले माझा हल्ला भागिले त्याचा बचाव, मग भागिले पन्नास, अधिक दोन. लेव्हल ५०, हल्ला १२०, समोरचा बचाव १००, मूव्हची पॉवर ९०. उत्तर येतं ४९. मूव्ह मॉन्स्टरच्या स्वतःच्या टाइपची म्हणून दीडपट, म्हणजे जास्तीत जास्त ७३, आणि ८५ ते १०० टक्क्यांच्या नशिबाच्या खेळात, जो दीडपटीच्या आधी लागतो, कमीत कमी ६१. आता पॉवर ९५ धर. जास्तीत जास्त ७८. समोरच्याचे एचपी १५० असतील तर ९५ च्या दोन फटक्यांत तो कधीमधी पडतो, कारण दोनदा ७८ म्हणजे १५६. ९० च्या दोन फटक्यांत तो कधीच पडत नाही, कारण १४६ च्या वर जाताच येत नाही. पाच पॉइंटांचा फरक, पण समोरच्याला तिसरी टर्न हमखास मिळाली.

२०१३ साली पोकेमॉन एक्स आणि वायमध्ये फ्लेमथ्रोअर, थंडरबोल्ट, आइस बीम, सर्फ या मूव्ह ९५ वरून ९० वर आणल्या. फायर ब्लास्ट, थंडर, ब्लिझार्ड, हायड्रो पंप १२० वरून ११० वर. तेव्हा पाच पॉइंटांनी काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. नंतर हिशेब मांडून बघितला तेव्हा कळलं, की कडेवरचे कितीतरी मॉन्स्टर एक टर्न जास्त जगायला लागले होते. उलटही खरं आहे. समोरच्याचे एचपी १२० असते तर ९० आणि ९५ मध्ये काही फरक नाही, दोन्हींना दोन फटकेच लागतात, आणि तू रात्रभर शीटमध्ये घातलेले पाच पॉइंट कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. म्हणून शीटमध्ये एक कॉलम वाढव: 'किती फटके'. तुझ्या दहा नेहमीच्या मॉन्स्टरविरुद्ध प्रत्येक मूव्हला किती फटके लागतात. तो आकडा हलत नसेल तर पॉवरला हात लावू नकोस.

अॅक्युरसीचंही, म्हणजे मूव्ह लागण्याच्या शक्यतेचंही, इथंच येतं. ११० पॉवर आणि ७० टक्के अॅक्युरसी म्हणजे सरासरी ७७, सरळसरळ ९० पेक्षा कमी. तरी लोक ब्लिझार्ड घेतात, कारण ती लागली तर एका फटक्यात काम होतं. कुस्तीतल्या कलाजंगसारखं. बसला तर आस्मान, फसला तर आपणच खाली. असा धोका गेममध्ये असावा, पण बक्षीस म्हणजे एक फटका वाचला पाहिजे. तुझी 'वीजकडाडी' ११० आणि ७० आहे, आणि 'वीजफेक' ९० आणि १००, आणि तुझ्या मॉन्स्टरविरुद्ध दोन्हींना दोनच फटके लागतात. मग कडाडी घेणारा मूर्खच ठरेल ना.

आता त्या वीस पॉइंटांकडं परत येतो, कारण कमकुवत मूव्हना पॉवर देण्यातला खरा धोका वेगळाच आहे. पोकेमॉनमध्ये नॉक ऑफ नावाची डार्क टाइपची मूव्ह होती, पॉवर अवघी २०, पण समोरच्याच्या हातातली वस्तू पाडायची. तिचं काम आधीच मोलाचं होतं, पॉवर मुद्दाम कमी ठेवली होती. एक्स-वायमध्ये तिला ६५ केलं, आणि समोरच्याकडं वस्तू असेल तर दीडपट, म्हणजे जवळजवळ ९८. त्याच वेळी स्टील टाइपचा डार्क टाइपविरुद्धचा बचावही काढून घेतला. झालं. डार्क मूव्हचा मार मुकाट्यानं झेलणारा मोठा गट नाहीसा झाला, आणि ज्याला ज्याला ती शिकता येते त्यानं त्यानं घेतली. ज्या मूव्हला काम आहे तिला ताकद देताना हात आखडता ठेव. आणि मूव्ह आणि टाइपचा तक्ता (कोणता टाइप कुणाला भारी) एकाच अपडेटमध्ये बदलू नकोस. नंतर काय कशामुळं झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मी स्वतः एकदा तीन गोष्टी एकत्र बदलल्या होत्या आणि दीड महिना चुकीच्या गोष्टीमागं धावत होतो.

याउलट लीच लाइफ. २० पॉवरची, नुकसानाचा अर्धा भाग आपल्याला परत देणारी. वीस पॉवरच्या अर्ध्यात काय येणार? २०१६ च्या सन आणि मूनमध्ये तिला थेट ८० केलं आणि ती जिवंत झाली. कारण तिचं काम नुकसानावरच उभं होतं. नुकसान नाही तर कामही नाही. नॉक ऑफचं काम नुकसानाशिवायही चालत होतं. दोघींची पॉवर २० च होती, पण रोग वेगळा होता.

माझ्या आजोबांचे एक मित्र गंगावेशीतल्या तालमीत वस्ताद होते. त्यांच्या बोलण्यात 'डाव' एकटा कधीच यायचा नाही. डाव आणि त्याची तोड, जोडीनंच. ढाक म्हटलं की लगेच ढाकेची तोड. टाइपच्या तक्त्याकडं मी तसंच बघतो. तक्त्यावर तोड लिहिलेली असून उपयोग नाही, ती कुणाच्या तरी हातात असली पाहिजे. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉनमध्ये सायकिक टाइप सगळ्यांना पुरून उरला तो असाच. तक्त्यावर बग टाइप त्याला भारी, पण बग टाइपच्या मूव्ह इतक्या मरतुकड्या की त्या लागून लागल्यासारख्या वाटायच्याच नाहीत. घोस्ट भारी पडायला हवा होता, तर प्रोग्राममधल्या चुकीमुळं घोस्टच्या मूव्हचा सायकिकवर परिणामच व्हायचा नाही. आणि असता तरी नुकसान मोजून करणारी घोस्ट मूव्ह एकच, लिक, पॉवर २०. पुढं १९९९ ला गोल्ड-सिल्व्हरमध्ये डार्क टाइप आणला, स्पेशल, म्हणजे अंगबळावर न चालणाऱ्या मूव्हसाठीचा जो एकच आकडा होता, त्याचे हल्ला आणि बचाव असे दोन भाग केले, ब्लिझार्डची अॅक्युरसी ९० वरून ७० केली, तेव्हा कुठं गाडं रुळावर आलं.

तुझी शीट बघ आता. माती टाइप विजेला भारी. बरोबर. पण माती टाइपच्या तुझ्याकडं चार मूव्ह आहेत, त्यातली 'चिखलफेक' २५ पॉवरची, दोन हल्ल्याच्या नाहीतच, आणि चौथी फक्त खवल्या या एकाच मॉन्स्टरला लेव्हल ४८ ला मिळते. म्हणजे वीज टाइपला तोड नाही. म्हणूनच तुझ्या सहांपैकी दोन मूव्ह विजेच्या आहेत. वीजफेकला नर्फ, म्हणजे कमकुवत, करायच्या आधी माती टाइपला एक बरी, ७० ची, लेव्हल पंचविसाच्या आसपास चार जणांना मिळणारी मूव्ह दे. माझा अंदाज आहे की वीज आपोआप खाली बसेल.

कुणाला काय शिकता येतं, हा तर निम्मा खेळ आहे आणि नवखे लोक तिकडं बघतच नाहीत. पोकेमॉनमधली डार्क व्हॉइड ही जोडीच्या फाईटमध्ये समोरच्या दोघांनाही एकदम झोपवणारी मूव्ह खरंतर डार्कराय या एका मॉन्स्टरची. पण स्मिअरगल कुणाचीही मूव्ह उचलू शकतो, आणि जोडीच्या स्पर्धांमध्ये त्यानंच ती वापरून लोकांना रडवलं. सन-मूनमध्ये अॅक्युरसी ८० वरून ५० केली आणि वर डार्करायशिवाय कुणी वापरली तर ती लागूच होणार नाही असं केलं. दुसरा बदल पुरेसा होता असं माझं मत. पहिल्यानं बिचाऱ्या डार्करायलाही मारलं. मूव्ह भारी वाटली की आधी विचार: मूव्ह भारी आहे, की ती ज्याच्या हातात पडली तो?

कधी कधी एकेक मूव्ह दुरुस्त करण्यापेक्षा नियम बदलणं स्वस्त पडतं. २००६ पर्यंत पोकेमॉनमध्ये मूव्ह अंगबळाची की स्पेशल हे टाइपवरून ठरायचं. पाण्याची प्रत्येक मूव्ह स्पेशल. गायराडोस पाण्याचा, अंगात रग प्रचंड, स्पेशल हल्ला यथातथा, म्हणजे स्वतःच्या टाइपची मूव्ह त्याच्या काही कामाची नाही. डायमंड-पर्लमध्ये हे प्रत्येक मूव्हवर ठरवलं. वॉटरफॉल अंगबळाची झाली आणि एका नियमानं असे कितीतरी मॉन्स्टर सुधारले. तुझ्याकडंही गव्या वनस्पती टाइपचा आहे आणि वनस्पतीच्या सगळ्या मूव्ह स्पेशल. त्याच्यासाठी खास नवीन मूव्ह करायच्या आधी हे बघ.

'धुकं' काढून टाक. चुकवण्याची शक्यता वाढवणारी मूव्ह कितीही सावरली तरी दोन्हीकडून वैतागच देते. माझ्या पहिल्या गेममध्ये होती. मंगळवार पेठेतली दोन शाळकरी पोरं आमच्याकडं टेस्टिंगला यायची. दोघांनी सहा-सहा वेळा धुकं लावलं आणि मग पाऊण तास एकमेकांना एकही फटका लागेना. शेवटी एकाच्या आईचा फोन आला, "जेवायला येतोस का तिकडंच राहतोस?" फाईट बरोबरीत. दुसऱ्या दिवशी मी ती मूव्ह उडवली.

बरं होणाऱ्या मूव्हची गोष्ट वेगळी, त्या हव्यातच. फक्त अर्धे एचपी परत मिळवणारी मूव्ह दर फाईटला किती वेळा वापरता येते यावर लगाम ठेव. पोकेमॉननं स्कार्लेट-व्हायलेटमध्ये रिकव्हर या बरं करणाऱ्या मूव्हचे पीपी, म्हणजे ती किती वेळा वापरता येते तो आकडा, १० वरून ५ केले. ताकद तशीच, संधी निम्म्या. हा लगाम लोकांना टोचत नाही, कारण मूव्ह पूर्वीइतकीच चांगली वाटते.

मोजणीबद्दल. तू फक्त 'किती वेळा दाबली' मोजतोयस. त्यात दोन वेगळे रोग एकत्र मिसळलेत. एक मूव्ह लोक चारांत घेतच नाहीत. दुसरी घेतात, पण दाबत नाहीत. पहिलीला वाटतं त्यापेक्षा कमी किंमत आहे, किंवा वर्णन कळत नाही. हे वर्णनाचं कारण फार वेळा निघतं. दुसरीची वेळच येत नाही, म्हणजे फाईट आखूड आहे किंवा तिला साथ देणारं दुसरं काही नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे लिही. आणि कॉम्प्युटरला कॉम्प्युटरशी हजारो फाईट खेळायला लावशील तेव्हा लक्षात ठेव, की साधा बॉट हावरट असतो, दर टर्नला जास्तीत जास्त नुकसान करतो. तो तुला फटक्यांचा हिशेब अचूक देईल, डरकाळीबद्दल मात्र कधीच खरं सांगणार नाही.

आणखी एक. १३२ पैकी ज्या तुला मेलेल्या वाटतात त्यातल्या कितीतरी मूव्ह पुढच्या मोठ्या मूव्हकडं नेणाऱ्या पायऱ्या आहेत. पोकेमॉनमध्ये एम्बर ४० ची आणि फ्लेमथ्रोअर ९० ची; शेवटी एम्बर कुणी ठेवत नाही आणि ठेवूही नये. तिचं काम पहिल्या तासाभराचं. तुझी 'ठिणगी' तशीच आहे. तिला तू ६० केलीस, आणि त्यामुळं पहिल्याच गावातली पोरं एका फटक्यात आडवी होतायत. ती परत ४० कर.

तर या आठवड्यात एवढंच: वीस परत घे, एचपी वाढवून साधी फाईट तीन-चार टर्नवर आण, धुकं काढ, आणि माती टाइपला ती एक मूव्ह दे. हो, या चार गोष्टी एकत्र होतायत आणि मी वर एकत्र बदलू नको म्हटलंय. पहिल्या तीन एका अपडेटमध्ये चालतील, त्या फक्त माप ठरवण्यासाठी आहेत. माती टाइपची मूव्ह पुढच्या रविवारी, पोरांचा एक आठवड्याचा खेळ हातात आल्यावर. डरकाळी आणि वीजकडाडीला तोवर हात लावू नकोस. शीट पाठवशील तेव्हा 'किती फटके' चा कॉलम भरूनच पाठव. रिकामा असेल तर मी उघडणार नाही.